रिकामा रकाना

काळा आणि गडद निळा यांतला फरक मला दिसेनासा झाला, ही गोष्ट मी सात महिने पोटात ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरला माहीत होती आणि मला माहीत होती, बस्स. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, सांभाळते. दुकानातला कुठला खण कुठे आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, डोळ्यांची एवढी काय मिजास.

आमचं दुकान बटणांचं. फक्त बटणांचं. दोरा नाही, सुई नाही, चेन नाही. जमिनीपासून छतापर्यंत दोन हजार एकशे चाळीस खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण तारेने बांधलेलं. नवरा अकराशे खण मागे ठेवून गेला, बाकीचे मी वाढवले. शिकले म्हणाल तर तिसरी. पण चांगले चांगले शिंपी तुटलेल्या बटणाचा तुकडा हातात घेऊन माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे राहिलेत.

मग बारा कोटांचं प्रकरण झालं. बँडवाल्यांचे काळे कोट, आणि शिवणारा आमचा कोटवाला, नवऱ्याच्या वेळेपासूनचा. त्याला काळी बटणं हवी होती. मी खण काढला, मोजून दिली. त्याने माझ्यावर विश्वास टाकून दिव्याखाली शिवली. दुसऱ्या दिवशी बँड उन्हात उभा राहिला तेव्हा बाराच्या बारा छात्यांवर निळी बटणं चमकली. कोटवाल्याने एक कोट आणून काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता समोर बसला. तो भांडला असता तर मी त्याला पुरून उरले असते. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं.

माझा मुलगा तेव्हा नेमका दुकानात होता. तो मालवाहतुकीच्या कचेरीत आहे. गाड्यांचं त्याला सगळं कळतं, बटणांचं काही नाही. स्वतःच्या शर्टाचं तुटलं तर टाचणी लावून फिरतो. त्याने कोट उचलला, माझ्याकडे बघितलं, दारातल्या उजेडात नेऊन परत आणला आणि मला रंग विचारला. मी काळा म्हटलं. त्या संध्याकाळी घरात सगळं बाहेर आलं.

"आई, दुकान तुझ्या डोळ्यांत होतं," तो म्हणाला. "आता तूच चुकायला लागलीस तर विचारायचं कुणाला? शेजारचा मोबाइलवाला जागा मागतोय. महिन्याअखेरीस त्याला हो म्हणतो."

वाईट म्हणून नाही बोलला. म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, माझ्या भिंतीवर मोबाइलची कव्हरं लटकलेली बघायच्या आधी उरलेलं दिसणंही गेलेलं बरं. यावर बोलली ती सून.

सून एका विमा कचेरीत प्रोग्राम लिहिते. तिच्या कामाचं मला एवढंच कळलं होतं की मोठ्या मोठ्या तक्त्यांत लाखो माणसांची माहिती भरलेली असते आणि ही त्या तक्त्यांना प्रश्न विचारते. माझं आणि तिचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. ती पोळ्या जाड करते आणि मी ते बोलून दाखवते, इतपत. ती म्हणाली, महिना द्या, आईंच्या डोक्यातलं दुकान मी तक्त्यात भरते. मग धाकटी यंत्राला विचारेल आणि खण काढून देईल.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. वीस वर्षं माझ्या दुकानात शिडीवर चढते आहे आणि आजतागायत तिला एक खण पाठ नाही. जीभ मात्र शिडीच्या वर पोचते. ती म्हणाली, "जाऊबाई, यंत्र निदान माझ्यावर ओरडणार तरी नाही."

मुलाने अट घातली. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी दिवसभर धाकटी यंत्रावर बसणार, मी काउंटरशी बसायचं पण तोंड उघडायचं नाही. तीन गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने गेली तर जागा मोबाइलवाल्याची. मी म्हटलं, चालेल. मी गप्प बसू शकते यावर घरात कुणाचा विश्वास बसला नाही, ते सोडा.

मग आम्ही खण लिहायला बसलो. सून कचेरीतून अर्धा दिवस लवकर यायची. सहा रकाने केले: भोकं किती, माप किती सूत म्हणजे इंचाचे किती आठवे भाग, रंग, जात म्हणजे शिंप की लाकूड की शिंग की धातू की प्लास्टिक, कड कशी, आणि पाठ सपाट की कडीची. रंग धाकटीने दारात नेऊन बघायचे, बाकीचं मी सांगायचं. माप घ्यायला पितळेची भोकांची पट्टी होती, तिच्यातून बटण आरपार गेलं की बोट फिरवून मला माप कळतं. जात मात्र काही खणांची अडली. अस्सल शिंग आणि शिंगासारखं प्लास्टिक यांत फरक असतो तो रेषांचा. उजेडापुढे धरलं की शिंगात रेषा दिसतात. मला त्या आता दिसत नव्हत्या. तसं मी कबूल केलं नाही. म्हटलं, कारखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नाही, आणि माहीत नाही ते मी लिहू देणार नाही, रकाना रिकामा ठेव. असे नव्वदएक खण रिकाम्या जातीचे राहिले. सुनेने एकदा माझ्याकडे रोखून बघितलं आणि पुढचा खण घेतला.

खण भरून झाल्यावर तिने प्रश्न लिहिला. धाकटी गिऱ्हाईक झाली. सहा सूत, चार भोकं, तपकिरी. जात, कड, पाठ माहीत नाही, म्हणून रिकामी ठेवली. माझ्याकडे असा माल सतरा खणांत आहे. यंत्राने एकच खण दाखवला, वरच्या कोपऱ्यातला, फुगून बसलेला, जो उघडतच नाही आणि ज्याचा नमुना कडेला फुटलेला आहे. त्याची जात, कड, पाठ आम्हालाच लिहिता आली नव्हती.

मी खूप हसले. सुनेला म्हटलं, तुझं यंत्र सरळ डोक्याचं आहे गं, गिऱ्हाईक म्हणालं जात माहीत नाही, तर ते जात नसलेलंच बटण शोधत बसलं. तिने ओठ दाबले. म्हणाली, मी सहाही रकाने जुळवायला सांगितले होते, रिकामं रिकाम्याशी जुळलं. उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरा मार्ग धरला. गिऱ्हाइकाला काय काय माहीत असेल त्याच्या प्रत्येक तऱ्हेला एक वेगळा प्रश्न, आधीच प्रोग्रामात शिवून ठेवलेला. फक्त रंग माहीत असेल तर हा, रंग आणि माप असेल तर तो, रंग, माप आणि भोकं असतील तर तिसरा. चार दिवसांत तिने बावीस लिहिले आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी विचारलं, एकूण किती व्हायचे? ती म्हणाली, त्रेसष्ट. मी विचारलं, आणि उद्या कुणी सातवी गोष्ट विचारली, धुण्यात टिकतं का म्हणून? तिने मनात हिशेब केला आणि पेन खाली ठेवलं. एकशे सत्तावीस.

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. पण मी चहा केला, आणि तो तिला स्वतः नेऊन दिला, जे मी तिच्या लग्नाच्या दिवसापासून केलं नव्हतं.

ती म्हणाली, "आई, तुम्ही कसं करता? खरं सांगा. गिऱ्हाईक दारात आलं की डोक्यात काय होतं?"

मला असं कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही. मी तिच्यासमोर बसले. मग सांगितलं की गिऱ्हाईक बोलायच्या आधी माझ्या डोक्यात काहीच तयार नसतं. तो म्हणतो चार भोकं, मी तेवढं धरते. तो म्हणतो काळं, मी ते त्याला जोडते. त्याला जात माहीत नसेल तर जातीचं मी नावच काढत नाही, ती विचारातच घेत नाही. "तू रेडीमेड कपडे शिवून ठेवतेयस," मी म्हटलं, "त्रेसष्ट मापांचे. गिऱ्हाईक आल्यावर मापानं शिव की."

तिने चहा तसाच ठेवला.

त्या दिवसापासून तिचा प्रोग्राम प्रश्न आधी तयार ठेवेना. धाकटी जेवढे रकाने भरेल तेवढेच जोडून तो जागच्या जागी वाक्य शिवायचा: खणांतून काढ, भोकं चार, आणि रंग काळा, आणि एवढंच. दर वेळी नवं वाक्य समजून घ्यायला यंत्राला पळभर जास्त लागतं, ती म्हणाली. मी म्हटलं, मापाच्या कपड्याला वेळ लागतोच. एक गंमत तिने दाखवली ती मला फार आवडली. पहिल्या अटीच्या आधी 'आणि' यायला नको, बाकीच्यांच्या आधी हवा, आणि पहिली अट कुठली असेल ते तर ठाऊक नाही. म्हणून ती सुरुवातीलाच एक कधीच खोटं न होणारी अट लिहायची: एक बरोबर एक. मग त्याच्यापुढे 'आणि' लावून काहीही जोडा. माणसांनीही बोलायला अशीच सुरुवात केली तर अर्धी भांडणं व्हायची नाहीत.

धाकटीने मात्र त्यालाही खोडा घातला. आमच्या दुकानात सुताच्या मापाला आकड्याच्या डोक्यावर एक बारीक उभी रेघ मारायची पद्धत, नवऱ्याने पाडलेली. धाकटीने यंत्रात माप लिहिलं आणि सवयीने तशीच रेघेची कळही दाबली. यंत्र आडवं झालं. सून म्हणाली, त्या रेघेने यंत्राला वाटतं की गिऱ्हाइकाचं बोलणं संपलं आणि पुढचं आपल्याला सांगितलेलं काम आहे. चूक माझी, गिऱ्हाइकाचा शब्द मी सरळ वाक्यात शिवत होते. मग तिने वाक्यात नुसती जागा सोडायला सुरुवात केली, आणि शब्द वेगळा, बाजूने हातात द्यायचा. त्यानंतर धाकटीने रेघा मारल्या, टिंबं दिली, एकदा तर चिडून रंगाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. यंत्राने शांतपणे सांगितलं की असा माल नाही. आणि काहीच न भरता शोधायची कळ दाबली तर आधी भिंतभर खण समोर यायचे, तेही तिने बंद केलं. निदान एक गोष्ट सांगा, मगच शोधू. बरोबरच आहे. माझ्याकडेही कुणी नुसतं 'बटणं दाखवा' म्हणालं तर मी त्याला आधी बसवते.

शनिवार आला. मुलगा सुट्टी घेऊन दारापाशी स्टुलावर बसला. सून धाकटीच्या मागे उभी. मी काउंटरच्या टोकाला, तोंडात लवंग धरून, म्हणजे जिभेला काम राहील.

सकाळ चांगली गेली. सहा गिऱ्हाइकं, सहाही माल घेऊन गेली. मग एका बाईला जॅकेटची चेन हवी होती. नाही म्हटलं, गेली. मुलाने बोट वर केलं: एक. मी खुणेने सांगितलं की हे दुकान बटणांचं आहे. तो म्हणाला, रिकाम्या हाताने गेली ना? हे पोरगं माझंच, यात शंका नाही. दुपारी एका मुलीला फ्रॉकसाठी हिरवं हवं होतं. धाकटीने हिरवं लिहिलं, पण मुलीला हवे तसले खण तिने स्वतःच्या हाताने पोपटी म्हणून भरले होते. मुलगी दाखवलेल्या गडद बटणांवर नाक मुरडून गेली. दोन.

चारच्या सुमाराला कोटवाला आला. कोटांच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, मी लवंग चावली. त्याच्याकडे एक जुना कोट होता, दोन बटणं गेलेली. नऊ सूत, चार भोकं, काळं, अस्सल शिंग. प्लास्टिक चालणार नाही, कोटाचा मालक बोटाने ओळखतो, असं तो म्हणाला. कड त्याला सांगता येईना. धाकटीने जातीचा रकाना सोडून दिला असता तर बरं झालं असतं, पण तिने चारही नीट भरले. यंत्राने सांगितलं: नाही.

मला माहीत होतं. तेराशे बारा. खालून पाचवी ओळ, खिडकीकडून तिसरा. मीच लावलेला खण, नऊ सूत, चार भोकं, शिंग. लिहिण्याच्या दिवशी मला शंका होती म्हणून रकाना रिकामा ठेवला. आता गरज होती तर खात्री वाटत होती. जिभेवर आकडा येऊन बसला होता.

मुलगा स्टुलावरून उठला. सून माझ्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला माहीत आहे ना तो खण?"

मी मान हलवली नाही. मी आकडा सांगितला असता तर कोटवाला बटणं घेऊन गेला असता, आणि दुकान होतं तिथेच राहिलं असतं, माझ्या तोंडात. पुढच्या शनिवारी पुन्हा माझंच तोंड, त्याच्या पुढच्या शनिवारीही. आणि एक दिवस तेही निळ्याला काळं म्हणणार. मी दोन्ही हात काउंटरवर घट्ट दाबून ठेवले. माझ्या आयुष्यात मी इतकी कुणाशी भांडले नाही जितकी त्या वेळी स्वतःच्या जिभेशी.

सुनेने माझ्या हातांकडे बघितलं. मग यंत्राकडे. मग तिने कोटवाल्याला विचारलं, काका, दहा मिनिटं थांबाल का? तो म्हणाला, मी थांबायलाच आलोय.

धाकटीला उठवून ती स्वतः बसली. बसताना पुटपुटली, पण दुकानात सगळ्यांना ऐकू गेलं. "गिऱ्हाइकाला माहीत नाही ते मी सोडून दिलं. आपल्याला माहीत नाही ते मात्र नाकारत बसले." तिने काय बदललं ते तिने नंतर मला समजावलं. जात शिंग, असं विचारण्याऐवजी तिने विचारायला लावलं: जात शिंग, किंवा जात लिहिलेलीच नाही. दोन्ही कंसात एकत्र, नाहीतर तो 'किंवा' बाकीच्या अटींना धाब्यावर बसवून सुटतो. लिहिलेले वर, न लिहिलेले खाली, आणि खालच्यांपुढे 'बघून घ्या' अशी खूण.

मुलगा घड्याळ बघत होता. नववं मिनिट होतं.

यंत्राने पाच खण दाखवले. पाचही खालचे, 'बघून घ्या'वाले. त्यांत तेराशे बारा होता. 

धाकटी शिडीवर चढली आणि पाच खण आणून तिने काउंटरवर ओळीत मांडले. कोटवाल्याने प्रत्येकातलं एक बटण घेतलं, दारात नेऊन रंग बघितला. दोन बाजूला सारले, ते निळे निघाले, धाकटीने घाईत लिहिलेले. तीन राहिले. मग त्याने खिशातून सुई काढली, काडी पेटवून लाल केली आणि बटणाच्या पाठीला टेकवली. शिंग असेल तर केस जळल्याचा वास येतो, प्लास्टिक असेल तर नुसतं वितळतं. त्याने आधी तेराशे बाराचं घेतलं, कारण माझी नजर तिथे होती हे त्याला दिसलं असणार.

सुई आत रुतली. प्लास्टिकचा कडू धूर आला.

दुसरं प्लास्टिक. तिसऱ्याला सुई टेकली आणि दुकानभर केस जळल्याचा वास सुटला. कोटवाल्याने ते बटण कोटावर ठेवलं, बोटाने फिरवलं, आणि म्हणाला, "हेच." खण अठराशे चार. माझ्या डोक्यात तो खण प्लास्टिकचा होता. मला विचारलं असतं तर मी तो उघडूही दिला नसता.

त्याने दोन मागितली, धाकटीने मोजून चार दिली आणि दोन परत घेतली, तिच्या पद्धतीप्रमाणे. तो कोट काखेत मारून गेला. आता मला बोलायची मुभा आहे का, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, दिवस अजून संपला नाही. मी म्हटलं, माझा संपला.

मग मी त्या तिघांसमोर सांगितलं की मी तेराशे बारा सांगणार होते, आणि शिंग म्हणून सांगणार होते. त्या नव्वद खणांची चिठ्ठी कारखान्याने लिहिली नव्हती हे खोटं. मला रेषा दिसत नव्हत्या, म्हणून मी ते रकाने रिकामे ठेवले.  सून म्हणाली, "मला माहीत होतं, आई. पण तुम्ही अंदाजाने भरले असते तर आज मला काही शोधता आलं नसतं."

दुकान बंद व्हायच्या आधी आणखी चार गिऱ्हाइकं आली, चारही माल घेऊन गेली. मुलगा बाहेर गेला. मोबाइलवाल्याच्या दारात तो बराच वेळ उभा राहून बोलत होता. परत येऊन त्याने स्टूल उचलून मागे ठेवलं आणि शर्टाची टाचणी काढून काउंटरवर टाकली. म्हणाला, पांढरं, चार भोकं, बाकी माहीत नाही. धाकटीने दोन रकाने भरले.

सोमवारपासून आम्ही ते नव्वद खण घेतलेत. दिवसाला दहा. धाकटी सुई तापवते, सून नाही तेव्हा मुलगा लिहितो, आणि वास मी घेते. डोळे दगा देतात, नाक अजून माझं ऐकतं. सुनेने सातवा रकाना जोडलाय, धुण्यात टिकतं का, त्यासाठी तिला फक्त एक ओळ वाढवावी लागली. तो रकाना सध्या दोन हजार एकशे चाळीस खणांना रिकामाच आहे. कढई भरून पाणी चुलीवर ठेवलंय, बटणं उकळायला घेते.